पुकारा झाल्यावर



‘शहाण्यानें कोर्टाची पायरी चढूं नये’ ही म्हण ज्यानें ऐकली नाहीं असा मराठी माणूस विरळाच. माझ्या लहानपणीं आमच्या घरांत ती इतक्या वेळां उच्चारली जाई कीं, तिला शास्त्रवचनाची योग्यता आली होती. आज मी ह्या म्हणीविषयीं, किंबहुना तिच्या एका दुरुपयोगाविषयीं, आपल्याशीं बोलणार आहें.

मी वकील नव्हें. माझें शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें आणि सारा जन्म शाळेंत हजेरी घेण्यांत गेला. तथापि हजेरी घेणारा मनुष्य ह्या विषयांत अगदींच अनधिकारी आहे असें मला वाटत नाहीं. वर्गांत नांव पुकारलें आणि उत्तर आलें नाहीं, म्हणजे मास्तर त्या नांवापुढें खूण करतो आणि पुढचें नांव घेतो. मुलगा तापानें अंथरुणाला खिळला आहे कीं नदीवर डुंबत आहे, हें त्या खुणेवरून कळत नाहीं. तें मागाहून चिठ्ठी आणून सांगावयाचें असतें. न्यायकचेरींतहि थोडेंफार असेंच घडतें. मात्र तेथें चिठ्ठी आणावयाला उशीर झाला तर छडीवर भागत नाहीं. घर, शेत, क्वचित् स्वातंत्र्यहि जातें.

१९८७ सालची गोष्ट. आमचे थोरले बंधु, ज्यांना आम्ही सारे अण्णा म्हणत असूं, तालुक्याच्या गांवीं जुन्या घरांत राहत असत. घराच्या पाठीमागें चार हात रुंदीचा एक बोळ होता. परसांतल्या आडाकडे जाण्याची वाट तीच. शेजाऱ्यानें तो बोळ आपला आहे असा दावा लावला. एके दिवशीं दुपारीं कोर्टाचा बेलिफ दारांत येऊन उभा राहिला. मी सुटीनिमित्त तेथेंच होतों. अण्णांनीं कागदाला हातसुद्धां लावला नाहीं. ‘आमच्या घराण्यांत आजवर कोणीं कोर्टाची पायरी चढलेली नाहीं,’ असें त्यांनीं मोठ्या अभिमानानें सांगितलें. बेलिफ म्हातारा होता. तो म्हणाला, ‘काका, कागद घ्या. न घेतल्यानें तारीख टळत नाहीं.’ अण्णांनीं दार लावून घेतलें. बाहेर थोडा वेळ कुजबुज झाली. नंतर पाहतों तों समन्स दाराला डकविलेलें, आणि आळींतल्या दोघांच्या सह्या घेऊन बेलिफ निघून गेलेला. अण्णांनीं तो कागद खरडून काढला आणि चुलींत टाकला.

मला त्या वेळीं बोलतां आलें असतें. मी शिक्षक झालों होतों. कागद वाचून समजण्याइतकी अक्कल मला होती. परंतु थोरल्या भावापुढें तोंड उघडण्याची आमच्याकडे रीत नव्हती. आणि खरें सांगावयाचें तर अण्णांच्या त्या करारी उत्तराचें मला कौतुकच वाटलें.

आतां कायदा काय म्हणतो तें पाहूं. दिवाणी दाव्यांची रीत १९०८ सालच्या दिवाणी प्रक्रिया संहितेंत घालून दिलेली आहे. समन्सावर सही करणें म्हणजे दावा कबूल करणें, अशी एक समजूत सुशिक्षितांतहि आढळते. ती निखालस चुकीची आहे. ती सही फक्त कागद पोंचल्याची असते. उलट कागद नाकारला तर बेलिफ त्याची प्रत घराच्या बाहेरच्या दाराला डकवितो, केव्हां व कोणासमक्ष डकविली तें लिहून कोर्टाला कळवितो, आणि कोर्टाची खात्री पटली म्हणजे समन्स बजावलें गेलें असें ठरतें. टपालानें आलेलें रजिस्टर पाकीट ‘घेत नाहीं’ म्हणून परत पाठविलें तरी परिणाम बहुधा तोच. म्हणजे नाकारण्यानें तारीख टळत नाहीं. फक्त आपल्यावर आरोप काय आहे तें वाचावयाची संधि टळते. दाव्याची नक्कल त्या समन्साबरोबरच आलेली असते, हें किती जणांना ठाऊक आहे?

ज्याच्या नांवाचें समन्स तो घरीं नसेल आणि लवकर येण्याचा संभव नसेल, तर घरांतल्या सज्ञान माणसाला, पुरुषाला वा स्त्रीला, तें देतां येतें. नोकर हा त्यासाठीं घरचा माणूस समजला जात नाहीं. फौजदारी समन्साच्या बाबतींत १९७३ सालच्या संहितेनें केवळ सज्ञान पुरुषाचाच उल्लेख केला होता. ज्या घरांत शाळेची मुख्याध्यापिका राहत असे तेथेंहि तिच्या अठरा वर्षांच्या चिरंजीवांची सही चाले, तिची चालत नसे! १ जुलै २०२४ पासून अंमलांत आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनें तो ‘पुरुष’ शब्द गाळला. बरें झालें.

दुसरी समजूत अशी कीं, हजर न राहिल्यास पोलीस येऊन पकडून नेतील. दिवाणी दाव्यांतल्या प्रतिवादीला सहसा कोणीहि ओढून नेत नाहीं. शिपाई बाहेर येऊन नांवाचा पुकारा करतो. उत्तर आलें नाहीं तर कोर्ट वादीचें म्हणणें एकटें ऐकूं लागतें. ह्यालाच एकतर्फी चौकशी म्हणतात. आग्रह नाहीं, राग नाहीं, शिक्षा नाहीं. मला वाटतें, ह्या शांतपणामुळेंच लोक फसतात. कांहींच घडलें नाहीं असें वाटतें, आणि तिकडे सारें घडत असतें. वादीला आपली बाजू शाबीत करावी लागतेच. समोर कोणी नाहीं म्हणून मागितलें तें देऊन टाकण्याची न्यायाधीशांना मोकळीक नाहीं. पण वादीच्या साक्षीदाराला उलट प्रश्न विचारणारा कोणी नाहीं, आणि दुसऱ्या घरच्या पेटींत काय कागद आहेत हें न्यायाधीशांना कळावयाचें कसें?

येथें एक गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते, कारण ती ठाऊक नसल्यामुळें पुष्कळांचें नुकसान होतें. एक तारीख चुकली म्हणजे सारें संपलें असें नाहीं. राजस्थानांतील एका निवडणूक-अर्जाची चौकशी उदेपूर येथें चालली असतां ठरलेल्या दिवशीं प्रतिवादी संग्रामसिंह ह्यांच्या वतीनें कोणी हजर नव्हतें. मागाहून त्यांचे वकील आले, तेव्हां चौकशी एकतर्फी सुरू झाली आहे ह्या सबबीवर त्यांना तींत भाग घेऊं दिला नाहीं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलें आणि १९५५ सालीं न्यायमूर्ति व्हिव्हियन बोस ह्यांनीं निकाल दिला. हे पूर्वीं नागपूरच्या हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश होते. त्यांच्या निकालाचा मथितार्थ असा: कार्यपद्धतीचे नियम न्याय सुकर व्हावा म्हणून आहेत, लोकांना पाय अडकवून पाडण्यासाठीं नव्हेत, एकतर्फी म्हणजे त्या वेळेपुरतें दुसऱ्याच्या अनुपस्थितींत, इतकेंच, जो मागाहून येतो त्याला तेथून पुढच्या कामांत भाग घेण्याचा हक्क आहे. उशिराचें योग्य कारण दाखविलें तर मागचें कामहि पुन्हां करून घेण्याची परवानगी मिळूं शकते. कारण नसेल तर गेलें तें गेलें, पण पुढचें दार उघडें असतें.

आमच्या अण्णांच्या दाव्यांत पहिल्या पुकाऱ्यापासून निकालापर्यंत तीन तारखा पडल्या. तिन्ही दिवस तें दार उघडें होतें. कोर्ट आमच्या घरापासून चालत पाव तासाच्या वाटेवर.

एकतर्फी हुकूमनामा झाला. अण्णांना ह्याची वार्ता नव्हती, किंवा असली तरी त्यांनीं ती मनावर घेतली नाहीं. आठ महिन्यांनीं तोच म्हातारा बेलिफ पुन्हां दारांत आला. ह्या वेळीं त्याच्यापाशीं बोळाचा ताबा देण्याविषयींचें वॉरंट होतें. मग मात्र घरांत धावपळ झाली. वकील पाहिला. एकतर्फी हुकूमनामा रद्द करून घेण्याची सोय कायद्यांत आहे. पण त्यासाठीं दोहोंपैकीं एक गोष्ट दाखवावी लागते: समन्स रीतसर बजावलेंच नव्हतें, अथवा हजर राहण्याला पुरेशा कारणानें अडथळा आला. अर्जाची मुदत हुकूमनाम्यापासून ३० दिवसांची. समन्सच बजावलेलें नसेल तर ती मुदत हुकूमनामा कळल्यापासून मोजतात. आमच्या बाबतींत समन्स दाराला डकविल्याचा अहवाल कोर्टांत होता, दोन साक्षीदारांच्या सह्या होत्या, आणि मुदत तर केव्हांच उलटून गेली होती. अपिलाचीहि तीच गत. वकिलांनीं उशीर माफ करण्याविषयीं अर्ज केला. न्यायाधीशांनीं अण्णांना विचारलें, ‘समन्स तुमच्या दाराला लावलेलें तुम्हीं पाहिलें होतें काय?’ अण्णा ‘नाहीं’ म्हणाले असते तर कदाचित् कांहीं वाद तरी घालतां आला असता. पण ते खोटें बोलणारे नव्हते. ‘होय,’ ते म्हणाले. ‘मग आलां कां नाहीं?’ अण्णांनीं ती म्हण सांगितली. न्यायाधीश हंसले नाहींत. त्यांनीं ती लिहून घेतली.

अर्ज नामंजूर झाला. कोर्टाचें चुकलें असें मी त्या वेळीं दोन वर्षें म्हणत होतों. आज म्हणत नाहीं. आजोबांच्या खरेदीखतांत चतुःसीमा लिहिलेल्या होत्या आणि त्यांत तो बोळ आमच्या बाजूस धरलेला होता. खत पेटींत होतें. वकिलांनीं तें उलटसुलट करून वाचलें, घडी घातली आणि अण्णांच्या हातांत परत दिलें. ‘हें पहिल्या तारखेला माझ्याकडे आलें असतें तर!’ एवढेंच ते म्हणाले. खतावरून आम्ही जिंकलोंच असतों असें मी म्हणत नाहीं. पण तें कोणाहि न्यायाधीशानें कधीं वाचलें नाहीं, हें शल्य अण्णांना बोळ गेल्याहून अधिक लागलें.

दावा लावणाराच गैरहजर राहिला तर? प्रतिवादी हजर असून वादी आला नाहीं, तर दावा काढून टाकला जातो आणि त्याच कारणावरून दुसरा दावा लावतां येत नाहीं. मूळचाच पुन्हां घ्यावा असा अर्ज करावा लागतो. दोघेहि आले नाहींत तर दावा निघतो, मात्र पुन्हां नवा लावावयाची मोकळीक राहते. (दोघांचें परस्पर सूत जमलें असेल तर ह्याहून सुखाचा शेवट कोणता!)

फौजदारी न्यायालयाची तऱ्हा मात्र निराळी. दिवाणी कोर्ट आपली जागा रिकामी ठेवून पुढें जातें. फौजदारी कोर्ट माणसाला आणावयास पाठवितें. सुशिक्षित कुटुंबांचा ह्या कोर्टाशीं संबंध येतो तो बहुधा साक्षीदार म्हणून. रस्त्यावर अपघात पाहिला, पोलिसांनीं नांव लिहून घेतलें, आणि दोन वर्षांनीं समन्स आलें. ‘आपला काय संबंध?’ म्हणून तें ताकावर ठेवून देणारे सभ्य गृहस्थ मीं पाहिले आहेत. सबळ कारणावांचून साक्षीदार आला नाहीं तर मॅजिस्ट्रेट थोडक्यांत चौकशी करून त्याला ५०० रुपयांपर्यंत दंड करूं शकतात आणि वॉरंट काढून आणवूंहि शकतात. दंड लहान आहे. पण ज्या गरिबाचा पाय मोडला त्याच्या वतीनें बोलणारा तोच एक असेल, तर त्या गैरहजेरीचा दंड भलत्याच माणसाला भरावा लागतो.

आरोपी न आल्यास प्रथम बहुधा जामीनपात्र वॉरंट निघतें, मग बिनजामिनाचें. त्यानंतरहि तो दडून राहिला तर जाहीरनामा. तो त्याच्या गांवांत लोकांपुढें मोठ्यानें वाचला जातो, घराला डकविला जातो, कोर्टाच्या इमारतीवर लावला जातो, आणि हजर होण्यास निदान ३० दिवस दिले जातात. पुढें मालमत्तेची जप्ती. जाहीरनाम्याप्रमाणें न येणें हा भारतीय न्याय संहितेनें स्वतंत्र गुन्हा ठरविला आहे. त्याला तीन वर्षांपर्यंत कैद, आणि फरारी गुन्हेगार म्हणून जाहीर झालेल्याला सात वर्षांपर्यंत. म्हणजे मूळच्या आरोपांतून निर्दोष सुटण्याजोगा मनुष्यहि केवळ न येण्यानें गुन्हेगार होऊं शकतो.

जामिनावर सुटून न येणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद होऊं शकते. पण त्याच्यापेक्षां मला त्याच्या जामीनदाराची कींव येते. ‘गुरुजी, फक्त एक सही,’ असें म्हणत लोक आमच्यासारख्यांकडे येतात. ती सही म्हणजे ‘हा मनुष्य आला नाहीं तर इतकी रक्कम मी भरीन’ असें सरकारला दिलेलें वचन असतें. तो आला नाहीं कीं जामीनकतबा जप्त होतो आणि रकमेची मागणी जामीनदाराकडे येते. कोर्ट दया करून कांहीं भाग सोडूं शकतें. पण रक्कम वसूल झालीच नाहीं तर जामीनदाराला सहा महिन्यांपर्यंत दिवाणी तुरुंगहि दाखवितां येतो. सही करूं नका असें माझें म्हणणें नाहीं. मीं स्वतः दोनदां केली आहे. मात्र दर तारखेच्या आदल्या संध्याकाळीं त्या माणसाच्या घरीं जाऊन ‘उद्यां तारीख आहे’ म्हणून सांगत असें.

नव्या संहितेनें आणखी एक पाऊल टाकलें आहे. दहा वर्षें किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांतला जाहीर झालेला फरारी आरोपी सांपडण्याचा संभव नसेल, तर वॉरंटें, वर्तमानपत्रांतील सूचना वगैरे सारे सोपस्कार झाल्यावर आणि आरोप ठेवल्यापासून ९० दिवस उलटल्यावर खटला त्याच्यावांचून चालवितां येतो. त्याला वकील नसेल तर सरकारी खर्चानें देतात. शिक्षा झाली तर तो स्वतः हजर होईपर्यंत त्याला अपील नाहीं.

अशा खटल्याचें जगांतलें सर्वांत गाजलेलें उदाहरण न्यूरेंबर्ग येथलें. हिटलरचा चिटणीस मार्टिन बोरमान सांपडत नव्हता. त्याच्यावरील आरोपांची सूचना रेडिओवरून व वर्तमानपत्रांतून दिली गेली, त्याच्यातर्फे वकील नेमला गेला, आणि १ ऑक्टोबर १९४६ रोजीं त्याला फांशीची शिक्षा सांगण्यांत आली. १९७२ सालीं बर्लिनमध्यें कांहीं अस्थि सांपडल्या आणि १९९८ सालीं त्यांच्या शास्त्रीय तपासणीनें त्या बोरमानच्याच असल्याचें निश्चित झालें. तो मे १९४५ मध्येंच मरण पावला होता. ज्याचा पुकारा रेडिओवरून चालला होता तो तेव्हां जमिनीखालीं होता! रिकाम्या पिंजऱ्यापुढें खटला चालवितांना न्यायाधीशांचा हात जड कां व्हावा, तें ह्यावरून कळावें.

ज्याला खरोखरच जातां येत नाहीं त्यानें काय करावें? आजारी मनुष्याला खाटेवर घालून आणा असें कोणतेंहि कोर्ट म्हणत नाहीं. वकिलामार्फत अर्ज द्यावा, डॉक्टरचा दाखला जोडावा. कोर्ट तारीख पुढें देतें. आरोपीलाहि जातीनें हजर राहण्याची माफी मागतां येते. अर्ज मात्र पुकाऱ्याच्या आधीं पोंचला पाहिजे. आणि वकीलपत्रावर सही केली म्हणजे आपली जबाबदारी संपली असें समजूं नये. १९८१ सालीं रफीक ह्या खेड्यांतल्या पक्षकाराचें अपील वकील न आल्यामुळें निघालें, तेव्हां सर्वोच्च न्यायालयानें तें पुन्हां दाखल करून घेतलें. वकिलाच्या चुकीसाठीं निरपराध पक्षकाराला भोगावयास लावूं नये असें म्हटलें. पण १९९३ सालच्या सलिल दत्त ह्या प्रकरणांत त्याच न्यायालयानें स्पष्ट केलें कीं, हा कांहीं सरसकट नियम नव्हे. शहरांत बसून सुशिक्षित लोकांनीं चालविलेल्या कंपनीला ती सवलत मिळाली नाहीं. माझे श्रोते बहुतेक शहरांतले आणि शिकलेले आहेत, म्हणून हें दुसरें प्रकरण त्यांनीं अधिक लक्षांत ठेवावें.

तारीख कोणती ही अडचण आतां राहिलेली नाहीं. प्रत्येक प्रकरणाला सोळा अंक-अक्षरांचा एक क्रमांक असतो आणि त्यावरून पुढची तारीख फोनवरसुद्धां पाहतां येते. वकिलाला द्यावयास पैसा नसेल तर १९८७ सालच्या कायद्याप्रमाणें विधि सेवा समितीकडे जावें. स्त्रियांना तर उत्पन्न कितीहि असलें तरी ती मदत मागण्याचा हक्क आहे. ह्याच्या उलट एक सावधगिरीची सूचना. हल्लीं फोनवर कोणी तरी न्यायाधीशाचा किंवा पोलिसाचा वेष घालून दिसतो, ‘तुम्हांला घरांतच अटक केली आहे’ म्हणतो आणि पैसे मागतो. अशी अटक कोणत्याहि कायद्यांत नाहीं. संशय आला तर कोर्टांत जाऊन नाझरला विचारावें. त्यासाठीं पायरी चढावी लागेल, ती चढावी.

बोळ गेल्यावर वहिनींना आडाचें पाणी पुढच्या दारानें, साऱ्या आळीला वळसा घालून आणावें लागे. अण्णा त्याविषयीं कधीं बोलत नसत. मात्र घागर आपण उचलीत. कांहीं वर्षांनीं एका स्कूटरच्या अपघातांत साक्षीदार म्हणून त्यांना समन्स आलें. त्यांनीं दारांतच सही केली, कागद पंचांगांत घालून ठेवला, आणि तारखेच्या दिवशीं अकरा वाजतां उघडणाऱ्या कोर्टाच्या पायरीवर दहा वाजल्यापासून कोट घालून बसून राहिले. मी त्यांच्याबरोबर होतों. बारा वाजतां पुकारा झाला. साक्षीदार हजर होते. आरोपी आला नव्हता. शिपायानें पुढची तारीख सांगितली, ती अण्णांनीं खिशांतून पेन्सिल काढून समन्साच्या पाठीवर लिहून घेतली, आणि आम्ही घरीं जेवावयास परत आलों.